लखनभैया चकमक खटला: एका वकील भावाची सतरा वर्षं आणि लोक विचारतात ते प्रश्न

११ नोव्हेंबर २००६ च्या रात्री मुंबईत वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. कागदोपत्री ती चकमक होती. त्याचा भाऊ रामप्रसाद गुप्ता पेशाने वकील. ही चकमक नव्हती, खून होता, हे उच्च न्यायालयाच्या तोंडून शेवटपर्यंत वदवून घ्यायला त्यांना १९ मार्च २०२४ पर्यंत थांबावं लागलं. कायदेविषयक शिबिरात किंवा विधी महाविद्यालयात पोलिसांच्या उत्तरदायित्वावर बोलायला उभं राहिलं की या खटल्याबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी घेतले आहेत. ज्या प्रश्नात जेवढा जीव, तेवढं उत्तर.

त्या दिवशी नेमकं झालं काय?

दुपारी वाशीतून लखनभैया आणि त्याचा एक मित्र अशा दोघांना साध्या वेशातल्या माणसांनी गाडीत घातलं. बातमी भावापर्यंत पोचली. दोघांना पोलिसांनीच उचललं असावं आणि आता त्यांचा 'गेम' होईल, अशी भीती घरच्यांना वाटली. मुंबईत त्या काळी ही भीती वाटायला फार कल्पनाशक्ती लागत नव्हती. रामप्रसाद यांनी त्याच दिवशी पोलीस आयुक्तांसह अनेक अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. मित्राच्या पत्नीनेही वाशी पोलीस ठाण्यात नवरा बेपत्ता असल्याची खबर दिली.

रात्री आठच्या सुमारास लखनभैया मेला. पोलिसांची फिर्याद नेहमीच्या साच्यातली होती: खबऱ्याकडून टिप मिळाली, सापळा लावला, शरण ये म्हणून सांगितलं, त्याने गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ आम्ही झाडली. गुन्हा नोंदला गेला तो मेलेल्या माणसावर, पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाचा. मित्र मात्र जिवंत राहिला. त्याला पुढे सुमारे महिनाभर बेकायदा ताब्यात ठेवलं होतं, असं न्यायालयात सिद्ध झालं.

त्या तारांना एवढं महत्त्व का?

कारण त्यांच्यावर वेळ होती.

चकमकीच्या खटल्यात फिर्यादी पक्षाची मोठी अडचण अशी की घटनास्थळी फक्त पोलीस असतात. पंचनामा त्यांचा, स्टेशन डायरी त्यांची, सापडलेलं पिस्तूलही त्यांनीच जप्त केलेलं. मृताचे नातेवाईक नंतर येतात आणि म्हणतात, 'त्याला आधीच उचललं होतं.' त्यावर ठरलेलं उत्तर असतं: हे तुम्ही नंतर रचलंत. इथे ते उत्तर चाललं नाही. माणूस मरायच्या आधी, तो पोलिसांच्या ताब्यात आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, असं लिहिलेला कागद तारघरातून सुटला होता. मरण पुढे घडायचं होतं आणि तक्रार आधीच दाखल झालेली होती. असा क्रम बनावट रचता येत नाही.

त्याला पुढे जोड मिळाली मोबाइलच्या नोंदींची. कोणता फोन कोणत्या टॉवरखाली कधी होता, यावरून उचलण्यापासून वर्सोव्यापर्यंतचा दिवस न्यायालयापुढे उभा राहिला. या नोंदी कंपन्या कायम ठेवत नाहीत. तेव्हा बंधन एका वर्षाचं होतं, डिसेंबर २०२१ पासून ते दोन वर्षांचं झालं. म्हणजे शोकात सहा-आठ महिने गेले की पुराव्याचं आयुष्यही तेवढं सरलेलं असतं. रामप्रसाद यांनी चार दिवसांत, १५ नोव्हेंबर २००६ ला, उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली होती. दहावं-तेरावं व्हायच्या आत.

पण लखनभैया गुंडच होता ना? मग एवढा कळवळा कशाला?

हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो, आणि बहुतेक वेळा मागच्या रांगेतून येतो.

त्याच्यावर गुन्हे नोंदलेले होते, छोटा राजन टोळीशी त्याचा संबंध असल्याचा पोलिसांचा दावा होता. हे कुणी लपवलेलं नाही. पण या खटल्यातला मुद्दा तो चांगला होता की वाईट हा नव्हताच. दुपारी वाशीत हाती लागलेल्या निःशस्त्र माणसाला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करणं सहज शक्य होतं. पुरावा असेल तर शिक्षा झाली असती. ते कष्ट कुणाला घ्यायचे नव्हते.

दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं होतं की यात एका खासगी माणसाचं वैर होतं आणि पोलिसांची बंदूक त्यासाठी वापरली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच खटल्यातल्या जामिनाचा विचार करताना, आरोप खरे असतील तर हे पोलीस सुपारी घेणाऱ्यांसारखे वागले, अशा अर्थाचं मत मांडलं. एकदा 'गुंडाला मारलं तर चालतं' हे मान्य केलं की गुंड कोण हे ठरवण्याचा भाव फुटतो. मग तुमच्या शेजारच्या प्लॉटवर डोळा असलेला माणूसही तो भाव देऊ शकतो. मागची रांग इथे सहसा गप्प होते, पण पटतंच असं नाही, आणि ते मला समजतं. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत खंडणीचे फोन घेतले, त्यांना कोर्टाच्या तारखांचा भरवसा वाटत नसेल तर दोष त्यांच्या एकट्यांचा नाही.

रामप्रसाद वकील होते, म्हणजे खटला त्यांनीच चालवला का?

नाही, आणि तसं करताही येत नाही. फौजदारी खटला सरकार चालवतं, बाजू सरकारी वकील मांडतो. शिवाय रामप्रसाद स्वतः फिर्यादी आणि साक्षीदार होते. ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होणार हे दिसतं त्यात वकीलपत्र घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. उच्च न्यायालयातल्या अपिलात त्यांची बाजू ॲड. युग चौधरी यांनी मांडली.

तरी वकील असण्याचा उपयोग झालाच, फक्त तो भाषणबाजीत नव्हता. कुठल्या टप्प्यावर कोणतं दार ठोठवायचं, हे त्यांना ठाऊक होतं. याचिका, चौकशीची मागणी, जामिनाला विरोध, शिक्षा स्थगितीला आव्हान, सुटकेविरुद्ध अपील अशी ही सतरा वर्षांची यादी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या त्या निकालाचं नावच 'प्रकाश कदम विरुद्ध रामप्रसाद विश्वनाथ गुप्ता' असं आहे. बनावट चकमकीवर युक्तिवाद करणारा देशातला कुठलाही वकील आज तो निकाल काढतो, म्हणजे नकळत या भावाचं नाव घेतो.

आणि एक लहानसा कायद्याचा बदल त्यांच्या पथ्यावर पडला. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला सुटकेविरुद्ध अपील करण्याचा स्वतःचा हक्क मिळाला. त्याआधी आरोपी सुटला की पुढे जायचं की नाही हे सर्वस्वी सरकारच्या हातात असे. आता हा हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे.

पोलिसांवर गुन्हा नोंदवायलाच जवळजवळ तीन वर्षं का गेली?

याचं उत्तर द्यायचं तर तारखा एकामागोमाग ठेवाव्या लागतात. नोव्हेंबर २००६ मध्ये याचिका. २००८ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीचा आदेश दिला. ऑगस्ट २००८ मध्ये अहवाल आला: लखनभैयाला पोलिसांच्या ताब्यात असताना मारलं गेलं. त्यानंतर आणखी एक वर्ष. ऑगस्ट २००९ मध्ये उच्च न्यायालयाने पोलीस उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं आणि तेव्हा कुठे खुनाचा गुन्हा नोंदला गेला.

गंमत बघा, कायदा तेव्हाही होता. कोठडीत मृत्यू झाला, माणूस बेपत्ता झाला किंवा बलात्कार झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यानेच चौकशी करायची, अशी दुरुस्ती जून २००६ पासून लागू झाली होती. म्हणजे या चकमकीच्या पाचच महिने आधी. पण 'चकमकीत मेला' म्हटलं की तो कोठडीतला मृत्यू राहतच नाही, अशी सोयीची पळवाट होती. तो ताब्यात होता हेच तर भांडण होतं.

हीच तरतूद आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे, आणि तिच्यातलं एक भगदाड तसंच राहिलंय. दंडाधिकाऱ्याने पोलिसांना जबाबदार धरलं तर पुढे कुणी, किती दिवसांत, काय करायचं, हे कायद्यात लिहिलेलंच नाही. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. कायद्याचं शिक्षण घेणारा हा तरुण १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मेला. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पोलिसांवर बोट ठेवलं, तरी गुन्हा नोंदला गेला नाही. त्याच्या आईच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि महिनाअखेरीस रिकाम्या हाताने परतलं.

पोलिसांवर खटला भरायला सरकारची परवानगी लागते म्हणतात. ती इथे आड आली नाही का?

कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीसाठी ती लागते. धरून आणलेल्या माणसाला मारणं हे कर्तव्यात बसत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा म्हटलंय. 'साहेबांनी सांगितलं म्हणून केलं' हा बचावही चालत नाही. २०११ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी अधिकाऱ्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्ग खटल्यांची आठवण काढून तो फेटाळला, आणि चकमकीच्या नावाखाली माणसं मारणाऱ्यांची फास वाट पाहतोय, इतक्या कडक भाषेत बजावलं. मृत्युदंडाचं समर्थन मला पटत नाही. पण त्या परिच्छेदामागचा संताप समजतो.

प्रदीप शर्मा आधी सुटले आणि मग दोषी ठरले, हे कसं?

जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने बावीसपैकी एकवीस आरोपींना दोषी धरलं, त्यात तेरा पोलीस होते. सगळ्यांना जन्मठेप. एकटे पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा निर्दोष सुटले. शंभराहून जास्त चकमकी नावावर सांगितल्या जाणारे, 'चकमकफेम' हे बिरुद वर्तमानपत्रांनीच ज्यांना चिकटवलं ते हेच शर्मा. २०१९ मध्ये ते नालासोपाऱ्यातून विधानसभेलाही उभे राहिले आणि हरले.

दोषी ठरलेल्यांनी अपील केलं. शर्मांच्या सुटकेविरुद्ध सरकारने केलं आणि रामप्रसाद यांनीही केलं. १९ मार्च २०२४ ला न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने निकाल दिला. शर्मांविरुद्धचा भक्कम पुरावा सत्र न्यायालयाने नजरेआड केला आणि त्यांची सुटका टिकण्यासारखी नाही, असं म्हणून त्यांना जन्मठेप सुनावली. बारा पोलीस आणि एक खासगी व्यक्ती यांची शिक्षा कायम राहिली. सहा खासगी आरोपी सुटले. दोन आरोपी दरम्यानच्या काळात मरण पावले होते.

हा शेवट धरू नका. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांना शरण जाण्यापासून तूर्त दिलासा मिळाला.

त्या मित्राचं पुढे काय झालं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तो विचारायलाच हवा.

वाशीतून लखनभैयासोबत उचलला गेलेला तो मित्र हा उचलण्याचा एकमेव जिवंत साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये त्याची साक्ष व्हायची होती. साक्षीला काही दिवस उरले असताना तो घरातून गेला तो परतलाच नाही. नंतर त्याचा मृतदेह मनोरच्या बाजूला सापडला. खटला त्याच्याशिवाय चालला. तारा, फोनच्या नोंदी, इतर साक्षी यांवर तो तगला. पण त्याच्या खुनाचा छडा लागला नाही, आणि २०२४ च्या निकालात उच्च न्यायालयानेही त्याबद्दल तीव्र खंत नोंदवली.

साक्षीदार संरक्षणाची देशव्यापी योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केली. त्याच्यासाठी सात वर्षं उशिरा. आणि योजना असली तरी संरक्षण देणार कोण? पोलीसच. पोलिसांविरुद्ध साक्ष देणाऱ्याच्या दाराशी पोलीस उभा करायचा, हा पेच या देशात अजून कुणी नीट सोडवलेला नाही.

शिक्षा झालेल्या पोलिसांना सरकारने मधेच सोडलं होतं, हे खरं?

हो. २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारने अकरा दोषी पोलिसांची शिक्षा स्थगित केली. रामप्रसाद पुन्हा कोर्टात. मार्च २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. खटला जिंकल्यावर फाइल बांधून माळ्यावर टाकली असती तर ही गोष्ट बाहेर आलीच नसती.

आता चकमक झाली तर काय काय करणं बंधनकारक आहे?

याची मुळंही मुंबईतच आहेत. १९९५ ते १९९७ या काळातल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत गेलेले सुमारे १३५ जीव, यांवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना कोर्टात गेली होती. ते प्रकरण चालत चालत सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा सूचना आल्या. त्यातल्या सामान्य माणसाने लक्षात ठेवाव्यात अशा मोजक्या: टिप मिळाली तर ती आधी कुठेतरी लेखी नोंदवा. मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवून कागद लगेच न्यायालयाकडे पाठवा. तपास त्याच ठाण्याने करायचा नाही, सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. वापरलेली हत्यारं तपासणीसाठी जमा करायची. नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. आणि चकमकीच्या पाठोपाठ शौर्यपदक किंवा वेळेआधी बढती द्यायची नाही.

शेवटची सूचना मला सगळ्यांत शहाणी वाटते. बाकीच्या बहुतेक सूचना गोळी सुटल्यानंतरच्या आहेत, ही मात्र गोळी सुटण्याआधीच्या हिशेबाला हात घालते.

पाळल्या जातात का? बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्र्याजवळ पोलीस गाडीत मारला गेला. सोळा सूचनांना त्या दिवशी बरोबर दहा वर्षं पूर्ण होत होती. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तरी गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला पुढच्या एप्रिलमध्ये आदेश द्यावा लागला. खंडपीठावर पुन्हा न्या. मोहिते डेरे होत्या.

पोलीस तक्रार प्राधिकरण कशासाठी असतं?

प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला पोलीस सुधारणेच्या सात सूचना दिल्या. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण हवं, ही त्यातली एक. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग पातळीवर अशी रचना केली. गोव्यातही राज्य प्राधिकरण आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथे करता येतात, फी लागत नाही. त्यांच्या शिफारशींवर सरकार किती हालचाल करतं हा वेगळा विषय. तरी तक्रार करा. पुढे उच्च न्यायालयात 'आधी कुठे गेला होतात?' असं विचारलं तर दाखवायला पोच असते.

राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोगही आहेत. तिथे घटनेपासून एक वर्षाची मुदत असते, ती मात्र चुकवू नका.

गुप्तांच्या घरात वकील होता. ज्याच्या घरात नाही त्याने काय करायचं?

हा खरा प्रश्न आहे. या खटल्याकडे पाहून ऊर भरून येण्याआधी स्वतःला तो विचारावा. चकमकींत गेलेल्या बाकीच्या शेकडो माणसांच्या भावांना त्या दुपारी तार कुणाच्या नावे करायची हेही ठाऊक नसणार.

तरी इतिहास अगदीच कोरडा नाही. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी, २ डिसेंबर १९८७ ला, त्याचं प्रेत रेल्वे रुळांवर सापडलं. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई दिली. कोठडीतल्या मृत्यूसाठी सरकारने भरपाई देणं लागतं, हे तत्त्व त्या पत्रातून पक्कं झालं. अटकेचे आज सगळ्यांना माहीत असलेले नियम, म्हणजे अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी, हेही पत्रातूनच आलेत. पश्चिम बंगालमध्ये विधी साहाय्याचं काम करणाऱ्या डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना लिहिलं. निकाल लागला डिसेंबर १९९६ मध्ये.

मग दुसऱ्यांसाठी हेच काम आयुष्यभर करणारे वकील आहेत. घाटकोपर स्फोटानंतर पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस २००३ मध्ये कोठडीतून नाहीसा झाला. त्याच्या आईसाठी ॲड. मिहीर देसाई उभे राहिले. चार पोलिसांवर खटला सुरू व्हायलाच २०१७ उजाडलं. आंध्रात के. बालगोपाल होते. मूळचे गणिताचे प्राध्यापक, चकमकींच्या सत्यशोधनात गावोगाव हिंडून शेवटी काळा कोट चढवलेले. २००९ च्या फेब्रुवारीत आंध्र उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रत्येक चकमकीत पोलिसांवर गुन्हा नोंदवा आणि स्वसंरक्षण होतं की नाही हे खटल्यात ठरू द्या, असा निकाल दिला. त्यामागे बालगोपाल यांचे कष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे स्थगित केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बालगोपाल गेले.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींनाही मिळतो. फोन १५१००. वकील कसा मिळेल हे नशिबावर आहे, हे कबूल. पण जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या त्या खोलीत मी फार तळमळीने काम करणारी तरुण माणसंही पाहिली आहेत.

पोलिसांची बाजू कुणी मांडायची? त्यांनाही जीव असतो.

असतो. खऱ्या चकमकी होतात, त्यांत पोलीस मरतात. स्वसंरक्षणाचा हक्क त्यांना आहे आणि तुम्हा-आम्हाला आहे तेवढाच आहे. लखनभैया प्रकरण उलगडलं त्यात पोलिसांचाही हात होता, हे विसरू नये. विशेष तपास पथक पोलिसांचंच होतं. स्वतःच्या खात्यातल्या माणसांना खुनाच्या आरोपाखाली अटक करणं सोपं नसतं.

बारा तासांची ड्यूटी, सणासुदीला बंदोबस्त, वरून राजकीय फोन, यात पिचलेला हवालदार हाच बहुतेक ठिकाणी 'व्यवस्था' म्हणून समोर येतो. प्रकाश सिंग निकालातल्या बाकीच्या बहुतेक सूचना बदल्या आणि नेमणुकांतला राजकीय हस्तक्षेप थांबवण्यासाठी होत्या. त्या नीट अमलात आल्या असत्या तर सगळ्यांत मोठा फायदा प्रामाणिक पोलिसांचा झाला असता.

तार आता बंद झाली. आज कुणाला उचललं तर काय पाठवायचं?

योगायोग असा की लखनभैया खटल्याचा सत्र न्यायालयात निकाल लागला त्याच महिन्यात, जुलै २०१३ मध्ये, देशातली तारसेवाही बंद झाली.

आज ईमेल आहे, आणि तो तारेपेक्षा बरा, कारण वेळ आपोआप पडते. पहिल्या तासात पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक, जिल्हा न्यायाधीश, राज्य मानवी हक्क आयोग यांना एकच मजकूर पाठवा. त्यात माणसाचं नाव, कुठून नेलं, किती वाजता, कपडे कोणते, गाडीचा क्रमांक दिसला असेल तर तो, नेणाऱ्यांनी काय सांगितलं, कुणी पाहिलं, एवढं पुरे. शिव्या नकोत, राजकारण नको. ११२ वर फोन करा आणि कॉल केल्याची वेळ लिहून ठेवा. एक माणूस ठाण्यात पाठवा. ठाणेदार 'आमच्याकडे नाही' म्हणाला तर तेच लेखी मागा. देणार नाहीत, पण मागितल्याचा अर्ज देऊन पोच घ्या. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने.

अटक दाखवली असेल तर अटकेचा पंचनामा आणि घरच्यांना खबर हे तुमचे हक्क आहेत. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्कही आहे, अर्थात पूर्ण चौकशीभर वकील बाजूला बसू शकत नाही. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलंच पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून. अंगावर वळ असतील तर तिथेच, दंडाधिकाऱ्यांसमोर, तोंड उघडायचं. हे आत असलेल्या माणसाला कुणीतरी आधी सांगावं लागतं, कारण 'बोललास तर परत आमच्याकडेच यायचंय' हे त्याला वाटेत ऐकवलेलं असू शकतं.

सीसीटीव्हीचं विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण अठरा महिने, ते जमतच नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचं. ते जपून ठेवा अशी लेखी मागणी पहिल्याच आठवड्यात करा. कॅमेरा नेमका त्या रात्री बंद होता असं उत्तर आलं तर तेही लेखीच घ्या. न्यायमूर्तींना त्या उत्तरात फार रस असतो.

माणूस मेलाच असेल तर शवविच्छेदनाचं चित्रीकरण झालं का ते विचारा. तसं करा, असं राष्ट्रीय आयोगाने १९९५ पासून राज्यांना सांगितलंय. अहवालाची प्रत मागा. आणि अंत्यसंस्काराची घाई कुणी करत असेल तर ती का, हे विचारा.

मूळ निकाल वाचायचा असेल तर?

मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकारांची नावं आणि १९ मार्च २०२४ ही तारीख टाकून तो शोधता येतो, पैसे पडत नाहीत. साडेआठशेहून अधिक पानं आहेत आणि इंग्रजी वकिली आहे. पहिल्यापासून वाचायला घेतलात तर पन्नासाव्या पानाला सोडून द्याल. आधी रामप्रसाद यांच्या साक्षीचा भाग काढा, मग तारा आणि फॅक्सची चर्चा. फोनच्या नोंदींचा भाग वाचताना शेजारी मुंबईचा नकाशा ठेवा आणि वाशीपासून सुरुवात करा.